चुनखडीचा खडा

धाकटी घरात आली तेव्हा थोरलीला ती चक्क आवडली होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढची हकीकत ऐकल्यावर यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. धाकटी हसरी होती, कामाला वाघ होती, आणि पानं मांडली की "जाऊबाई, तुम्ही बसा, मी वाढते" म्हणायची. थोरलीला वाटलं, चला, इतक्या वर्षांनी आपल्या हाताखाली कोणीतरी आलं. तिनं लगेच तिला जुना पाटा कुठे ठेवायचा, चुलीची राख कुठे टाकायची, मामंजींना चहा किती गरम लागतो, सगळं सांगून टाकलं. धाकटी सगळं ऐकून घ्यायची. ऐकून घेणारी माणसं कोणाला आवडत नाहीत?

घर वीटभट्टीचं होतं. मागच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं की आधी मातीचे ढीग लागत, मग माती मळायचा खड्डा, मग साच्यातून काढून उन्हात मांडलेल्या कच्च्या विटांच्या रांगा, आणि सगळ्यात शेवटी भट्टी. कामं वाटलेली होती. थोरला मुलगा भट्टी रचायचा आणि आग सांभाळायचा. तो बोलायचा कमी, म्हणजे बायकोनं दोन प्रश्न विचारले तर एकाचं उत्तर द्यायचा, तेही हुं असं. धाकटा मुलगा साचे मारायचा आणि दोघांच्या वाटचं एकटा बोलायचा. या दोघांचे वडील, ज्यांना दोन्ही सुना मामंजी म्हणत, ते भट्टीजवळ खुर्ची टाकून सगळ्यांवर देखरेख करायचे. त्यांची नजर अधू झाली होती, पण नावं ठेवायला नजर लागत नाही.

आणि माती थोरलीची. माती कुठून आणायची, तिच्यात काय मिसळायचं, किती भिजवायची, किती मळायची, यात दुसऱ्या कोणी बोट घालायचं नाही. सासू जिवंत होती तोवर सासूची होती, सासूनं हाताला धरून थोरलीला शिकवली, आणि सासू गेल्यावर ती आपोआप थोरलीकडे आली.

लोकांना वाटतं, वीट म्हणजे काय, माती, पाणी आणि आग. तसं असतं तर कोणीही उठून भट्टी लावली असती. मातीत चिकणमाती जास्त झाली तर वीट वाळताना आकसते, वाकडी होते, तिला भेगा पडतात. वाळू जास्त झाली तर वीट दिसायला सुरेख आणि हातात घेतली की कोपरे झडायला लागतात. खार असला तर भिंत उभी राहून माणसं राहायला येईपर्यंत सगळं ठीक दिसतं, आणि मग तिच्यावर पांढरा लोणा फुटतो, कितीही पुसा, परत येतो. गवताची मुळं राहून गेली तर ती आगीत जळतात आणि विटेच्या पोटात भोकं ठेवून जातात. मातीत लोह असेल तर वीट लाल होते, नसेल तर आजारी माणसासारखी फिकट. हे सगळं थोरलीच्या जिभेवर होतं, आणि अक्षरशः जिभेवर, कारण ती चिमूटभर माती तोंडात टाकून खार ओळखायची. मग ओल्या मातीची वळी करून बोटाभोवती गुंडाळायची. वळी तुटली तर वाळू जास्त, बोटाला चिकटून बसली तर चिकण जास्त. हे सगळं झालं की माती बारीक जाळीवर चाळायची, मग खड्ड्यात.

या भट्टीवर एक रीत होती. भट्टी निवली की पहिल्या दोन विटा बाहेर काढायच्या, आणि जिनं माती केली तिनं त्या एकमेकींवर वाजवायच्या. तोवर कोणी बोलायचं नाही. धाकटासुद्धा तेवढा वेळ गप्प बसायचा. वीट खणखणली की थोरली म्हणायची, "चांगली आहे," आणि मगच बाकीची भट्टी उतरवायला हात लागायचे. दर भट्टीला थोरलीला एवढा एकच क्षण असा मिळायचा, ज्यात घरातले सगळे पुरुष तिच्या तोंडाकडे बघत उभे असायचे. तो तिला किती प्रिय होता हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच पडली नव्हती.

धाकटी दुसऱ्या भट्टीवरच्या घरातून आली होती. थोडी रुळल्यावर तिचं "आमच्याकडे" सुरू झालं. आमच्याकडे मातीचा ढीग सावलीत ठेवतात. आमच्याकडे माती दोनदा भिजवतात. एकदा म्हणाली, आमच्याकडे मातीत राख मिसळतात.

"आमच्याकडे राखेनं भांडी घासतात," थोरली म्हणाली.

धाकटी हसली. तिला तो विनोद वाटला. पण खुर्चीतल्या मामंजींनी कान टवकारले होते. त्यांनी एक लहान खेप राख घालून करून बघायला सांगितली. झालं काय, की त्या विटांना भेगा फार कमी पडल्या, आणि राखेतल्या अर्धवट जळक्या कोळशामुळे त्या आतपर्यंत सारख्या भाजल्या. मामंजींनी एक वीट हातात घेऊन सगळ्या बाजूंनी चाचपली.

"पोरीला कळतं," ते म्हणाले.

एवढंच. दोन शब्द. थोरलीला त्यांनी इतक्या वर्षांत कधी "तुला कळतं" म्हटलं नव्हतं. तिला कळतं हे सगळ्यांना ठाऊकच होतं, मग म्हणायचं कशाला? पण त्या दिवसापासून तिच्या पोटात दुखायला लागलं, आणि ते दुखणं काही केल्या थांबेना. धाकटीचं हसणं तिच्या डोळ्यांत खुपायला लागलं. धाकटीनं केलेली भाजी सगळ्यांनी मागून घेतली की हिच्या कपाळावर आठी. धाकटी केस विंचरायला बसली की हिला वाटायचं, बघा कशी ऐटीत बसलीय. जी बाई महिन्यापूर्वी आवडत होती, तिला ती आता पाण्यात पाहू लागली.

अशात ठेकेदार आला. जवळच शाळेची नवी इमारत उभी राहायची होती आणि तिच्या दर्शनी भिंतीला प्लास्टर करायचं नव्हतं. विटा उघड्याच दिसणार होत्या, म्हणून त्याला एकसारख्या, देखण्या विटा हव्या होत्या. तो गेल्यावर मामंजींनी सगळ्यांना समोर बसवलं. म्हणाले, माझं काही खरं नाही, या भट्टीनंतर मी यातून अंग काढून घेणार. पण जाण्याआधी एक गोष्ट ठरवून जाणार. माती दोघींच्या हातात राहिली तर रोज वाद होतील. माती एकाच हातात हवी. तेव्हा अर्धी भट्टी थोरलीच्या मातीची लावा, अर्धी धाकटीच्या. जिची वीट सरस, तिची माती. कायमची.

थोरल्यानं हुं केलं. धाकट्याला बायकोकडे बघून हसू आवरेना. आणि थोरलीला वाटलं, आपल्या पायाखालची जमीन कोणीतरी खोदून साच्यात घालतंय. जे आपलंच होतं ते आता आपण जिंकून घ्यायचं?

तिनं माती आपल्या जुन्याच खाणीतून आणली. तिची ओळखीची, पिवळसर, गरीब स्वभावाची माती. भाजल्यावर ती फिकट लाल व्हायची, पण कधी दगा द्यायची नाही. धाकटी मात्र टोपली घेऊन ओढ्याच्या काठाकाठानं हिंडली आणि एका दरडीतून अशी माती घेऊन आली की सगळे बघतच राहिले. गडद तांबडी, मऊ, कणकेसारखी हाताला येणारी. नुसती ओली असतानाच तिचा रंग भाजल्यासारखा दिसत होता. मातीची खेप टाकून गेलेला गाडीवानही म्हणाला, वा.

धाकटीनं चव घेतली, वळी केली. सगळं छान. मग हात धुऊन ती थोरलीकडे आली. म्हणाली, "जाऊबाई, एकदा तुम्ही बघता का? मला इकडच्या मातीची सवय नाही."

थोरली भांडी घासत होती. तिनं मान वर केली नाही. "तुला काय कमी कळतं?" ती म्हणाली. "तुझी तू बघ."

पण बघितल्याशिवाय राहवतंय कुठे? दुपारी जेवणं झाली, सगळे जरा आडवे झाले, आणि थोरली त्या तांबड्या ढिगाशी गेली. चिमूट तोंडात टाकली. मनापासून आशा होती की खारट लागेल. लागली नाही. वळी करून बोटाला गुंडाळली, ती शहाण्यासारखी गुंडाळली गेली, तुटली नाही, चिकटली नाही. इतकी सुरेख माती तिच्या हाताला आजवर लागली नव्हती, आणि हे कळायला तिच्याइतकं दुसरं कोणी घरात नव्हतं, ही आणखी एक शिक्षा. ती उठणार एवढ्यात नखाला काहीतरी टोचलं. ढेकूळ फोडलं तर आत मुगाएवढा पांढरा खडा. तिनं दुसरं ढेकूळ फोडलं. त्यातही. तिसऱ्यात दोन.

ती स्वयंपाकघरात गेली, अर्धं लिंबू पदराआड लपवून आणलं, आणि खड्यावर पिळलं. खडा फसफसला.

चुनखडी.

चुनखडी मातीत पिठासारखी विरलेली असेल तर काही बिघडत नाही, उलट विटेला ती मानवते. पण खडा राहिला तर तो भट्टीत भाजून कळीचा चुना होतो आणि विटेच्या पोटात मुकाट बसून राहतो. वीट भट्टीतून निघते तेव्हा लालबुंद असते, खणखणीत वाजते, कोणाला कसली शंका येत नाही. मग हवेतली ओल तिच्यात शिरते. चुना फुगतो. आणि एक दिवस विटेचा टवका उडवून बाहेर येतो. धाकटीच्या माहेरच्या मातीत चुनखडी नव्हती, म्हणून तिथे कोणी तिला तिची भीती घालून दिली नव्हती. शिवाय माती मऊ लागली म्हणून तिनं ती जाळीवर चाळायचीसुद्धा तसदी घेतली नव्हती.

थोरलीनं एक वाक्य बोलायचं होतं. "अगं, ही चाळून घे." बस. जाळी भिंतीला टेकवूनच ठेवलेली होती.

ती हात धुऊन घरात आली आणि मिठाची गुळणी धरून बसली.

माणसाला वाईट वागायचं असलं की कारणं पावलोपावली सापडतात. थोरलीला तर ती पुरून उरली. ती सगळ्यांत मोठी, ती कशाला सांगत बसेल? आणि आपणच तर म्हटलं होतं, तुझी तू बघ. मग तिनं बघायला नको? ठेच लागल्याशिवाय कोण शिकतं? आणि शाळेच्या भिंतीचं म्हणाल, तर विटा काही आजच्या आज भिंतीत जात नाहीत, त्याआधीच फुटतील, कोणाचं नुकसान होणार नाही. हे शेवटचं कारण तिला फार आवडलं. त्यात तिला आपण दयाळूसुद्धा वाटत होतो.

तिच्या मनात उकळ्या फुटत होत्या. त्या दिवसांत ती धाकटीशी इतकी गोड वागली की धाकट्याला संशय आला. धाकटी माती मळायला उतरली की थोरली तिला पाणी नेऊन द्यायची. "दमलीस का गं?" असंही विचारायची. थोरल्यानं एकदा जेवताना बायकोकडे जरा निरखून पाहिलं आणि विचारलं, बरी आहेस ना? त्याच्या मानानं हे भाषणच होतं.

भट्टी रचली, पेटली, विझली, निवली. उतरवायच्या सकाळी मामंजी खुर्ची पुढे ओढून बसले. आधी थोरलीच्या बाजूच्या दोन विटा काढल्या. तिनं त्या वाजवल्या. ठण. चांगल्या होत्या, नेहमीसारख्या, फिकट लाल, एखादी कडेला जराशी वाकलेली. मग धाकट्यानं बायकोच्या बाजूच्या दोन काढल्या, फडक्यानं पुसल्या, आणि सगळे वाकून बघू लागले. तो लाल रंग या भट्टीतून आजवर बाहेर आला नव्हता. कडा सुरीनं कापल्यासारख्या. धाकटी त्या घ्यायला पुढे झाली तेवढ्यात मामंजींनी हात वर केला.

"थोरले, या पण तूच वाजव," ते म्हणाले. "इतकी वर्षं तुझ्या कानावर ही भट्टी चाललीय. तू चांगली म्हणालीस तर मी ठेकेदाराला निरोप धाडतो."

थोरलीच्या हातात त्या विटा आल्या. अजून कोमट होत्या. अजूनही वेळ गेलेली नव्हती, हे तिला ठाऊक होतं. अशा विटा भट्टीतून काढल्या काढल्या पाण्यात पूर्ण बुडवून ठेवल्या तर आतला चुना तिथल्या तिथे विरतो, फुगून टवके उडवायची संधी त्याला मिळत नाही. हौद भरलेला होता. माणसं समोर उभी होती. तिनं विटा वाजवल्या.

आवाज घंटेसारखा निघाला. तिच्या हातून झालेली एकही वीट कधी अशी वाजली नव्हती. आणि ही दोन दिवसांची पोर, जिला चुनखडीचा खडा ओळखता येत नाही, तिच्या हातून. आता पाणी सुचवलं असतं तर? तर या विटा वाचल्या असत्या, भिंतीत गेल्या असत्या, आणि लोक येता जाता त्यांच्याकडे बघत राहिले असते.

"चांगली आहे," थोरली म्हणाली.

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं थोरलीचा हात धरला आणि म्हणाली, तुम्ही म्हणालात म्हणजे झालं. मामंजींनी तिथेच जाहीर करून टाकलं की आजपासून माती धाकटीची. थोरली स्वयंपाकघरात गेली आणि पीठ मळायला बसली. मळता मळता ती हसत होती.

ठेकेदार आला, धाकटीच्या विटा बघून खूश झाला, गाडी पाठवतो म्हणाला आणि गेला. लाल विटा रस्त्याकडेला रचून ठेवल्या. हवा दमट झाली होती. सकाळी धुकं इतकं दाट उतरायचं की भट्टीवरून घर दिसायचं नाही. थोरली रोज उठल्याबरोबर आधी त्या रचलेल्या विटांशी जाऊन यायची. काही नाही. दुसऱ्या दिवशीही काही नाही. तिला धडकीच भरली. न फुटल्या तर? कोणा दुसऱ्याची पोटची पोर आजारी पडावी म्हणून वाट बघावी तसं ती वाट बघत होती, आणि त्याची तिला लाजही वाटत नव्हती. वाटत होती ती फक्त काळजी, की काही चुकलं तर नाही ना आपलं.

मग एका सकाळी ती तिथे उभी असतानाच टक असा आवाज झाला. लहानसाच. वाटाणा फुटावा तसा. एका विटेच्या तोंडावरून नाण्याएवढा टवका उडून खाली पडला, आणि त्याच्या जागी खळगा, आणि खळग्याच्या तळाशी पांढरा ठिपका. पुन्हा टक. मग दुसरीकडून. ती ऐकत उभी राहिली. तिनं आयुष्यात ऐकलेला तो सगळ्यात गोड आवाज होता.

गाडी घेऊन ठेकेदार आला तोवर सगळी रास देवी आल्यासारखी दिसत होती. त्यानं एक वीट उचलली, अंगठ्यानं चोळली, पांढरी भुकटी बघितली आणि खाली ठेवून दिली. आरडाओरडा केला नाही. दुसऱ्या बाजूला थोरलीच्या विटा होत्या, त्यांच्याकडे वळून म्हणाला, फिकट आहेत पण धड आहेत, याच द्या. धाकटा आणि गाडीवान मुकाट्यानं त्या भरायला लागले.

म्हणजे बघा, थोरलीला हवं होतं ते सगळं झालं. तिच्याच विटा भिंतीला निघाल्या. लाल विटा मातीमोल. धाकटी त्या राशीच्या पायथ्याशी बसून रडत होती. घरातले सगळे तिथेच होते. आता मामंजी उठतील आणि म्हणतील, माती थोरलीकडेच बरी होती. थोरली हात पुसत उभी राहिली आणि तिनं चेहऱ्यावर जरा दुःखही आणलं.

मामंजी उठलेच. चाचपडत धाकटीपाशी आले, फुटकी वीट हातात घेतली, खळग्यात बोट घातलं, बोट जिभेला लावलं. "चुनखडी," ते म्हणाले.

"मला नाही दिसली," धाकटी म्हणाली. "आमच्याकडे नसायची."

"रडू नकोस," मामंजी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले. "अगं, थोरलीला कळली नाही, तिथे तुला कुठून कळणार? ती त्या ढिगावरून रोज चार वेळा जाते. तिनं वीट हातात घेतली, वाजवली, चांगली म्हणाली. तिचंही वय झालं आता. माझे डोळे गेले, तिचा कान गेला. चालायचंच."

थोरलीचा चेहरा होता तसाच राहिला, फक्त आतून सगळं निसटलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. निदान हा तरी म्हणेल, तिचा कान कसा जाईल. थोरला म्हणाला, "होतं असं."

आणि मग धाकटी उठली. डोळे पुसले. रडून रडून तिचं नाक लाल झालं होतं. ती थोरलीजवळ आली, तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि अगदी मनापासून म्हणाली, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका, जाऊबाई. कोणाच्याही नजरेतून सुटतं."

ती थोरलीचं सांत्वन करत होती. धाकटी, थोरलीचं. बाकी काहीही थोरलीनं गिळलं असतं. त्या एका क्षणी तिनं गप्प राहायचं होतं, आणि जन्मभर कोणाला काही कळलं नसतं. पण ज्या गोष्टीपायी तिनं हे सगळं केलं, तीच आता सगळ्यांसमोर तिच्या हातून काढून घेतली जात होती, आणि तीही इतक्या प्रेमानं.

"माझ्या नजरेतून काही सुटलं नाही," ती म्हणाली. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

धाकट्याच्या हातातली वीट हातातच राहिली.

"ढेकूळ फोडलं, आत मुगाएवढा खडा होता," थोरली म्हणाली. तिचा आवाज चढत गेला, त्यात चक्क अभिमान होता. "लिंबू पिळून बघितलं. फसफसलं. तीन ढेकळं फोडली, तिन्हींत खडे होते. इथे दुसऱ्या कोणाला दिसलं असतं? माझा कान गेला म्हणे."

मग तिनं स्वतःचं बोलणं ऐकलं. पण तोवर ते सगळ्यांनी ऐकलेलं होतं.

धाकटीनं तिचा हात सोडला. झटकला नाही, नुसता सोडला. मामंजींनी फुटक्या विटेवरून बोट फिरवलं.

"आणि वाजवलीस तेव्हा?" त्यांनी विचारलं.

"तेव्हाही," थोरली म्हणाली. आता हळू.

कोणी तिला काही बोललं नाही. कोणी बोललं असतं तर तिला उलट उत्तर तरी देता आलं असतं, धाकटीच्या "आमच्याकडे"चा, मामंजींच्या दोन शब्दांचा, सगळ्याचा पाढा वाचता आला असता. मामंजींनी वीट राशीवर ठेवली आणि खुर्चीकडे वळले. जाता जाता म्हणाले, "माती थोरलीकडेच राहू दे. तिच्याइतकं कोणाला कळत नाही, हे खरंच आहे." त्यात राग नव्हता. एखादं जुनं हत्यार कोणत्या खुंटीला अडकवायचं ते सांगावं, तसं ते म्हणाले.

तर माती थोरलीला मिळाली, जशी तिला हवी होती तशी, पूर्णच्या पूर्ण, आणि कायमची. फुटक्या विटा कुटून, त्यातलं पांढरं वेचून टाकून त्यांची पूड केली आणि ती पुढच्या मातीत मिसळायला घेतली, म्हणजे वीट कमी आकसते. तो सल्ला धाकटीनं दिला नाही. धाकटी आता "आमच्याकडे" म्हणत नव्हती. जेवताना थोरलीला "बसा" म्हणायची, वाढायची, सगळं पूर्वीसारखं करायची, फक्त तिच्याकडे बघायची नाही.

नव्या भट्टीची माती तयार झाली त्या दिवशी थोरली खड्ड्याशी बसली. तिनं माती दोनदा चाळली होती, चव घेतली होती, वळी बोटाला गुंडाळून बघितली होती, प्रत्येक टोपलीतलं ढेकूळ फोडलं होतं. इतक्या काळजीनं तिनं सासू गेल्यानंतरची पहिली भट्टीसुद्धा केली नव्हती. खड्ड्यापलीकडे धाकटी उभी होती आणि साचा घेऊन धाकटा.

"चांगली आहे," थोरली म्हणाली.

"बरं," धाकटी म्हणाली. ती वाकली, खड्ड्यातून मातीचा एक गोळा उचलला आणि खुर्चीपाशी नेऊन मामंजींच्या हातात दिला. मामंजींनी तो फोडला, बोटांनी कुस्करला, चिमूट जिभेवर ठेवली. मग धाकटीनं पुढे केलेलं लिंबू त्यावर पिळलं आणि, डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून, गोळा कानाशी धरून ऐकत बसले. सगळे थांबले होते. कोणीही थोरलीच्या तोंडाकडे बघत नव्हतं. बऱ्याच वेळानं मामंजींनी मान डोलावली, आणि मगच धाकट्यानं साच्यात माती भरायला घेतली.